अंगणात, गच्चीत ठेवायचं सागवानी बाकडं: लाकूड निवडण्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

पुण्यात पहिल्यांदा स्वतःची बाल्कनी मिळाली, तेव्हा मी हौसेनं दोघांना बसता येईल असं एक बाकडं घेतलं. दुकानात ‘शंभर टक्के सागवान’ असं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. तरीही दुसऱ्या पावसाळ्यात पुढचा एक पाय तळाशी मऊ पडला आणि बैठकीच्या दोन पट्ट्यांच्या कडांतून पीठ गळायला लागलं. माहेरच्या ओळखीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी एक पट्टी सोडवून उलटी धरली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाच्या एका बाजूला तपकिरी लाकूड होतं, जसंच्या तसं टणक. दुसऱ्या बाजूला पिवळट-पांढरं, नखानं उकरलं तरी निघणारं. “ताई, साग आहेच हा,” ते म्हणाले. “पण सागातला गाभा टिकतो. हे पांढरं आहे ना, ते वाळवीपण खाते आणि भुंगापण.”

तेव्हापासून उघड्यावर ठेवायचं लाकूडसामान बघताना मी दोन गोष्टी आधी पाहते: यात गाभा किती आहे, आणि यावर पडलेलं पाणी कुठून निघून जाणार आहे. बाकीचं सगळं, म्हणजे नक्षी, पॉलिश, ‘बर्मा’ (म्यानमारचा साग) की ‘सीपी’ (जुन्या मध्य प्रांतातला, म्हणजे विदर्भ-मध्य प्रदेशाकडचा), त्यानंतर. पहिल्यांदाच घेत असाल तर पुढच्या क्रमानं जा. घाई करू नका, पावसाळा तोंडावर असताना तर नकोच.

१. आधी जागा बघा

बाकडं कुठे ठेवणार, तिथे वर्षभरात काय काय होतं ते आठवा. कोकणात आणि गोव्यात एका पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्राजवळ हवेत मीठ असतं. तिथे लाकडाइतकीच काळजी स्क्रूंची करावी लागते. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तिथे कुजण्यापेक्षा तडकण्याची भीती जास्त. शहरातल्या उघड्या गच्चीवर दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडतात, म्हणून सगळ्यांत कठीण परीक्षा गच्चीची.

मग एक सोपा प्रयोग करा. जिथे बाकडं ठेवायचं तिथे बादलीभर पाणी ओता आणि अर्ध्या तासानं जाऊन बघा. पाणी साचलेलं दिसलं तर ती जागा बदला किंवा उतार दुरुस्त करून घ्या. माझ्या बाकड्याचा पुढचाच पाय का कुजला, हे मला त्या बादलीनं सांगितलं. जाळीतून येणारं पाणी बरोबर त्या कोपऱ्यात थांबत होतं.

आणि पाऊस पोचतच नसेल, उदाहरणार्थ खोल पडवी किंवा आतली ओसरी असेल, तर सागाचा हट्ट धरू नका. कोकणात फणसाचं लाकूड पिढ्यान् पिढ्या दारं-खिडक्यांना वापरलं जातं. शिवणीच्या झाडाचं लाकूड हलकं आणि कामाला सोपं. ऐनाच्या झाडाचं जड आणि मजबूत. आडोशाच्या जागी ही लाकडं उत्तम चालतात. साग जिथे खरोखर लागतो तिथेच वापरणं, हीसुद्धा जंगलाची काळजीच आहे.

२. लाकूड ओळखायला शिका

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात. त्यांतल्या काही द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी दूर राहते, आणि लाकूड पाणी सहज पीत नाही. त्यात भर म्हणजे साग ओला-सुका होताना फार फुगत-आकसत नाही. आठ इंच रुंद फळी भर पावसाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात मोजली तर साधारण दोन मिलिमीटरचा फरक दिसेल. पुष्कळ लाकडांत तो याहून बराच जास्त असतो. या दोन गुणांमुळेच जुने जहाजबांधणीवाले सागावर जीव टाकत. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारच्या सागातून बांधलेलं ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. पण हे सगळे गुण गाभ्याचे. सालीलगतच्या पांढऱ्या थरात ती द्रव्यं जवळजवळ नसतात, आणि उघड्यावर तो इतर कुठल्याही साध्या लाकडासारखाच कुजतो.

आता हातात पट्टी घेऊन काय बघायचं?

पहिल्यांदा रंग. ताजा रंधा मारलेलं सागवान सोनेरी-तपकिरी, कधी त्यात काळसर रेषा. नवीन कापलेल्या लाकडात रंग हिरवट किंवा डागाळलेला दिसू शकतो, ऊन लागलं की तो सारखा होतो. म्हणून रंग जरा कमी-जास्त असला तरी घाबरू नका. पिवळट-पांढरी कड मात्र शोधा. पट्टी चारही बाजूंनी फिरवून बघा, कारण पांढरी बाजू नेहमी खाली किंवा आत फिरवलेली असते. गडद पॉलिश मारलेलं सामान घ्यायचं असेल तर बैठकीखालची, पॉलिश न पोचलेली जागा मोबाइलच्या उजेडात बघा. पॉलिशखाली पांढरं आणि तपकिरी सारखंच दिसतं.

मग पट्टीचं टोक. आडव्या कापाच्या बाजूला सागात वर्षागणिक कडी दिसतात आणि प्रत्येक कडीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी स्पष्ट. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक लाकडांत अशी रांग नसते, छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात. टोक खडबडीत असेल तर सुताराकडून पटाशीनं एक पातळ काप काढून घ्या, मग बघा. मला तरी यापेक्षा भरवशाची खूण घरच्या घरी मिळालेली नाही.

वास आणि स्पर्श तिसरे. रंधा मारल्यावर सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो, आणि हात फिरवला की किंचित मेणचट लागतं. पॉलिश न केलेल्या गाभ्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो काही वेळ गोळा होऊन बसतो. या खुणा मदतीच्या आहेत, पण एकट्यादुकट्या खुणेवर निकाल देऊ नका.

वजनाचाही अंदाज घ्या. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. फारच हलकं लागलं तर ते कोवळ्या झाडाचं किंवा दुसऱ्याच जातीचं असेल. फार जड लागलं तर ओलं असण्याची शक्यता मोठी.

बाजारातली नावं नीट समजून घ्या. ‘टीक फिनिश’ म्हणजे फक्त रंग. ‘टीक प्लाय’ म्हणजे प्लायवुडवर चिकटवलेला सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. घरात ठीक, पावसात नाही. रबराच्या झाडाचं लाकूड सागाच्या रंगात रंगवून पुष्कळ विकलं जातं. दिसायला सुरेख असतं, पण उघड्यावर ठेवायच्या सामानासाठी ते अजिबात घेऊ नका. ‘आफ्रिकन टीक’ हे नाव सगळ्यांत गोंधळाचं आहे. आफ्रिकेतल्या लागवडीत वाढलेला खरा सागही याच नावानं विकतात आणि इरोको नावाचं वेगळंच झाडही. इरोको वाईट लाकूड नाही, बाहेर चांगलं टिकतं. पण मग पैसे इरोकोचे द्यावेत, सागाचे नाही. टोकाकडची छिद्रांची रांग इथे उपयोगी पडते. इरोकोत ती नसते.

दुकानदाराला थेट विचारा: “यात पांढरं किती येईल?” चांगला वखारवाला या प्रश्नावर रागावत नाही. उलट तुम्हाला कळतंय हे ओळखून दोन फळ्या जास्त दाखवतो.

३. झाड कुठलं, ते विचारा

साग नैसर्गिकरीत्या फक्त भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांच्या जंगलांत वाढतो. बाकी जगभर जो साग दिसतो, जावापासून घानापर्यंत आणि कोस्टारिकापासून ब्राझीलपर्यंत, तो माणसानं नेऊन लावलेला. आपल्याकडे तो फार जवळचा आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीचं सागाचं जंगल प्रसिद्ध आहे आणि तिथला एक जुना, न तोडलेला तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड गेलं ते चंद्रपूर-गडचिरोलीकडचंच. ज्यांचं लहानपण या भागात किंवा डांग-नंदुरबारकडे गेलं, त्यांना सागाचं कोवळं पान तळहातावर चुरडून हात लाल करण्याचा खेळ आठवत असेल.

हे झाड पुरवून वापरावं लागतं, ही जाण नवी नाही. जहाजांसाठी मलबारची जंगलं रिकामी होत चालली, तेव्हा १८४०च्या दशकात तिथले कलेक्टर कनोली यांनी चातू मेनन यांच्या हाताखाली निलंबूरला सागाची लागवड सुरू केली. जगातल्या सर्वांत जुन्या सागलागवडींत ती मोजतात आणि तिचा एक भाग अजून उभा आहे. महाराष्ट्रात वनविकास महामंडळ १९७४ पासून सागलागवड सांभाळतं, आणि बल्लारशासारख्या आगारांतून लाकडाचा लिलाव होतो. सरकारी आगारातून निघालेल्या ओंडक्यावर हातोड्यानं उठवलेली खूण असते आणि सोबत वाहतूक परवाना. तुम्ही एक बाकडं करायला लिलावात जाणार नाही, वखारीतच जाल. पण वखारवाल्याकडे त्या मालाची कागदं असायला हवीत. पक्कं बिल मागा, त्यावर जात आणि माप लिहून घ्या. परवाना दाखवायला सांगण्यात संकोच करू नका. चोरून तोडलेल्या झाडाचं लाकूड स्वस्त असतं, आणि ते स्वस्त का आहे याचं उत्तर एखाद्या तोडलेल्या डोंगरउतारावर सापडतं.

आयात माल असेल तर एफएससी किंवा पीईएफसी (जंगल जपून लाकूड काढलं आहे असं प्रमाणित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था) यांचं प्रमाणपत्र विचारा, आणि ते त्या मालाचं आहे की नुसतं दुकानाच्या भिंतीवर लावलेलं, तेही बघा. प्रमाणपत्रावरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. भारतानं स्वतःची वन व लाकूड प्रमाणीकरण योजनाही २०२३ च्या अखेरीस सुरू केली आहे. तिचा शिक्का बाजारात हळूहळू दिसायला लागेल.

‘बर्मा टीक’चं नाव अजूनही आदरानं घेतात आणि जुनं बर्मा सागवान खरोखरच अप्रतिम असतं. पण म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका व युरोपीय संघानं तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. युरोपात किंवा अमेरिकेत राहून बागेसाठी बाकडं घेणाऱ्यांनी हे मनात ठेवावं. इथेही कुणी ‘ताजं बर्मा’ म्हणून दाखवलं तर मी कागद बघितल्याशिवाय घेणार नाही.

माझी स्वतःची आवड विचाराल तर जुनं लाकूड. पाडलेल्या वाड्यांच्या, चाळींच्या, गोदामांच्या तुळया आणि खांब. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या परिसरात, मुंबईत रे रोडला असा माल चौकशी केली की मिळतो. त्या काळी मोठ्या, जुन्या झाडांचा साग आला, बहुतेक सगळा गाभा. शंभर वर्षं वाळलेला, त्यामुळे आता वाकायचा-पिळायचा नाही. आणि नवीन झाड तोडावं लागत नाही. तोटे दोन आहेत. आत गंजलेले खिळे असतात, म्हणून करवतीखाली जाण्याआधी लोहचुंबक किंवा धातुशोधक फिरवायला सांगा. आणि भिंतीत गाडलेली टोकं कुजलेली असतात, तेवढी कापून टाकायची आणि त्यांचं माप धरायचं नाही. रंगाचे थर असतील तर ते घासताना तोंडावर मास्क हवाच, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

गावाकडच्या बांधावरचा साग हा आणखी एक विषय. “आपलाच आहे, तोडून देतो,” असं काका-मामा प्रेमानं म्हणतात. स्वतःच्या शेतातला असला तरी साग १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहे. तोडायला आधी परवानगी लागते आणि लाकूड गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना. तो सोपस्कार करून घ्या, टाळू नका. दुसरं म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या झाडात पांढऱ्याचा वाटा मोठा असतो. घेर बघून हरखून जाऊ नका, कापल्यावर हाती येणारा गाभा बघा. १९९०च्या दशकात सागलागवडीच्या गुंतवणूक योजनांनी ‘वीस वर्षांत सोनं’ असं जे स्वप्न विकलं, त्यातली हीच गोम होती. झाड वाढतं लवकर, गाभा भरायला वेळ लागतो. आणि ताज्या कापलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्या लागतात, टोकांना जाड रंग किंवा मेण लावून. मध्ये किमान एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या.

४. ओलावा मोजा

हे एका मिनिटाचं काम आहे. बऱ्याच वखारींत आणि चांगल्या सुतारांकडे ओलावा मोजायचं यंत्र असतं. १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर घ्या. कोकणात १४-१५ चालून जाईल, विदर्भात १० च्या जवळ हवा. २० दाखवत असेल तर लाकूड परत ठेवा. मीटर नसेल तर दोन फळ्या एकमेकींवर आपटून आवाज ऐका. वाळलेली खणखणते, ओली थबकते. ही फक्त अंदाजाची रीत आहे.

५. सांधे, स्क्रू आणि पाण्याची वाट

चांगलं लाकूड वाईट बांधणीत वाया जातं. तयार सामान घेत असाल तर बाकडं उलटं करून बघा, ऑर्डर देत असाल तर या गोष्टी सुताराला आधी सांगा.

पायाचा आणि आडव्या पट्टीचा सांधा कुसू आणि खाच करून केलेला हवा, म्हणजे एका तुकड्याचं टोक बारीक करून दुसऱ्यात कोरलेल्या खाचेत घट्ट बसवलेलं. त्यातून आडवी लाकडी खुंटी मारली असेल तर फारच छान. नुसत्या स्क्रूवर किंवा लोखंडी कोनावर तोललेला पाय दोन वर्षांत डुगडुगतो. गोंद पाण्यात टिकणारा हवा. साधा पांढरा गोंद पावसात परत मऊ पडतो. सागाच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याच्या आधी तेवढी जागा थिनर किंवा ॲसिटोननं पुसून लगेच गोंद लावावा लागतो. अनुभवी सुतार हे न सांगता करतो.

लोखंडी स्क्रू आणि खिळे नकोत. लोखंड आणि सागातली द्रव्यं ओलाव्यात एकत्र आली की काळे ओघळ उमटतात, शिवाय स्क्रू गंजून सुटतो. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील बहुतेक ठिकाणी पुरतं. समुद्रकाठी ३१६ घ्या, त्यातल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे ते मिठाला तोंड देतं. पितळही चांगलं. जुन्या घरांतल्या झोपाळ्यांना पितळी कड्या असायच्या त्या फक्त शोभेला नव्हत्या. झोपाळा किंवा बंगई करत असाल तर फळीपेक्षा टांगण्याच्या कड्या आणि वरचा हुक यावर जास्त खर्च करा. पाच फूट बाय दोन फुटांची दीड इंची सागवानी फळीच २३ किलोची असते, वर माणसं बसणार आणि झोक्याचा हिसका वेगळा.

आता पाणी. बैठकीला सलग फळी नको, पट्ट्या हव्यात, आणि दोन पट्ट्यांत सहा ते आठ मिलिमीटरची फट. वरच्या कडा किंचित गोल केलेल्या असाव्यात, पाणी काठावर थबकत नाही आणि मांडीला रुततही नाही. हाताच्या आडव्या दांड्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार. कुठेही वाटीसारखा खळगा दिसला की तिथून कुजणं सुरू होणार हे धरून चाला.

सर्वांत कच्ची जागा पायांचे तळ. लाकूड टोकाकडून पाणी पितं, जशी फुलांची देठं पितात. त्यामुळे बाकडं घरी आल्याबरोबर ते उलटं करा आणि चारही तळव्यांना इपॉक्सीचे (दोन द्रव्यं मिसळून लावायचा, पाणी अडवणारा लेप) दोन पातळ हात द्या, पहिला मुरू द्यायचा, मग दुसरा. नंतर खाली रबरी किंवा नायलॉनचे गट्टे बसवा, म्हणजे लाकूड फरशीपासून बोटभर उंच राहील. अंगणात मातीवर ठेवणार असाल तर प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा घाला. एवढं एक काम केलं असतं तर माझं पहिलं बाकडं बहुधा आजही असतं.

६. माप आणि हिशेब

लाकूड घनफुटात विकलं जातं. रुंदी इंचांत, जाडी इंचांत आणि लांबी फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ नं भागा. आठ इंच रुंद, दीड इंच जाड, सहा फूट लांब फळी म्हणजे अर्धा घनफूट.

चार फूट लांब, पाठ असलेलं बाकडं, तीन इंची पट्ट्या आणि अडीच इंची पाय धरून, तयार झाल्यावर जेमतेम दीड घनफुटाचं असतं, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलो. कापणी, रंधा आणि टाकून दिलेलं पांढरं धरून दोन ते सव्वादोन घनफूट लाकूड आणावं लागतं. सुतारानं चार घनफूट सांगितलं तर कशाला लागतात ते विचारा.

गोल ओंडका घेत असाल तर आपल्याकडे घेराच्या चौथाईचा हिशेब चालतो. घेर ३६ इंच असेल तर त्याचा चौथा हिस्सा ९, नऊ नव्वे ८१, गुणिले लांबी दहा फूट, भागिले १४४, म्हणजे ५.६ घनफूट. खरं आकारमान सातच्या वर भरतं. मधला फरक साल आणि कापणीतल्या घटीसाठी सोडलेला असतो, त्यामुळे ओंडक्याचा भाव आणि कापीव फळीचा भाव यांची सरळ तुलना करू नका. घेर आणि लांबी वाढली की घनफुटाचा दरही चढतो. बाकड्याला लांबसडक फळी लागत नाही. आखूड तुकडे मागितले तर तोच साग स्वस्तात मिळतो, आणि वखारीत पडून राहणारा मालही कामी येतो.

७. तेल, पॉलिश की काहीच नाही?

मी काहीच लावत नाही, आणि नव्यानं घेणाऱ्यांनाही हेच सांगते. उघडं ठेवलेलं सागवान वर्षभरात रुपेरी-राखाडी होतं. उन्हानं पृष्ठभागाचा पातळ थर बदलतो, आतलं लाकूड तसंच सोनेरी राहतं. हा रंग म्हणजे खराबी नाही.

सोनेरी रंगच हवा असेल तर तेल लावावं लागेल, आणि वर्षातून दोनदा लावत राहावं लागेल. ‘टीक ऑइल’ नावाची बाटली सागाच्या तेलाची नसते. त्यात बहुधा जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल आणि पातळ करणारं द्रव्य असतं. साधं जवसाचं तेल पावसाळी हवेत बुरशीला आमंत्रण देतं, काळे ठिपके उठतात. म्हणून लावायचंच तर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, पातळ हातानं, आणि उरलेलं लगेच पुसून. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात, त्यानं कीड लागत नाही, पण ते कातडीला भाजतं. बसायच्या सामानाला ते कधीही लावू नका.

लाखेचं पॉलिश पाण्यानं पांढरं पडतं. व्हार्निशचा जाड थर उन्हात तडकतो, मग पाणी त्याच्याखाली शिरतं आणि तिथेच अडकून राहतं. बाहेरच्या लाकडावर हे दोन्ही नकोत.

८. वर्षाचा क्रम

मृग लागण्याच्या आधी, मेअखेरीस, बाकडं पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुऊन घ्या, साध्या साबणाचा हलका फेस चालेल. ब्रश रेषांच्या दिशेनं फिरवा. गाडी धुण्याचा जोरदार फवारा मारू नका, त्यानं मऊ रेषा खरवडल्या जातात आणि पृष्ठभाग कंगव्यासारखा होतो. तळव्यांचं इपॉक्सी बघा, उडालं असेल तर परत हात द्या.

पावसाळ्यात प्लास्टिकनं गुंडाळून ठेवू नका. आत दमट राहून बुरशी धरते. भिजू द्या, वाळू द्या. कुंड्या बैठकीवर ठेवू नका. सुकलेली पानं फटींत अडकली की काढत चला. हिरवट शेवाळ दिसलं तर ब्रशनं निघतं.

लोखंडाचे काळे डाग आधीच पडले असतील तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक आम्ल कोमट पाण्यात विरघळवून लावा, दहा मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुऊन टाका. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. मूळ लोखंडी स्क्रू बदलला नाही तर डाग परत येतील.

दिवाळी झाली की हवा कोरडी होते आणि लाकूड किंचित आकसतं. तेव्हा बाकडं उलटं करून सगळे स्क्रू हातानं, ड्रिलनं नाही, पाव फेरा आवळून घ्या. खुंट्या वर आल्या असतील तर लाकडी हातोड्यानं हलकेच परत बसवा. पायांच्या तळाशी एकदा नख दाबून बघा. नख रुतलं नाही तर पुढच्या मेपर्यंत तुम्हाला त्यावर बसण्याशिवाय काही काम नाही.